आधी हवा मोजा, मग टायर बदला

चाकाची चौकशी : वाचकांचे प्रश्न, फिटरकाकांची उत्तरं

पाऊस उघडला की पत्रांचा विषय बदलतो. जुलै-ऑगस्टात सगळे सायकलच्या गंजलेल्या चेनबद्दल आणि ब्रेकच्या किंचाळण्याबद्दल विचारतात. नवरात्र जवळ आलं, रानवाटा वाळायला लागल्या की टायर. यंदा तर टायरचा गठ्ठाच आला, म्हणून हा महिना फक्त टायरचा. गिअरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत धीर धरावा. मी नाशिकच्या सातपूरच्या टूलरूममध्ये नोकरी केलेला माणूस, मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. उत्तरांत आकडे जरा जास्त वाटले तर तो कामाचा जुना रोग समजा.

काका, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी २९ इंची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल आहे, टायर कंपनीने दिलेलेच, २.२५ इंच रुंदीचे. रविवारी आम्ही रामशेजच्या पायथ्याला, आशेवाडीच्या बाजूला जातो. मुरमाच्या चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि उतारावर वळताना पुढचं सरकतं. ग्रुपमधले म्हणतात मोठ्या नॉबचे, म्हणजे मोठ्या रबरी दात्यांचे, टायर घे. जोडीला पाच-सहा हजार जातील. घेऊ का?
— एक वाचक, गंगापूर रोड

थांब. पैसे पर्समध्येच राहू देत. तुझ्या पत्रात सगळं आहे, फक्त टायरमध्ये हवा किती भरतेस ते नाही. माझा अंदाज ५० पीएसआयच्या आसपास. पंक्चरवाल्याकडे हवा भरली की तो अंगठ्याने दाबून बघतो, अंगठा आत गेला नाही की खूश. त्याचं समाधान होतं, तुझा टायर टणक होतो.

आता हिशेब कर. तू आणि सायकल मिळून ७५ किलो धरू. त्यातलं साधारण ६० टक्के वजन मागच्या चाकावर येतं, म्हणजे ४५ किलो, ढोबळ १०० पौंड. पीएसआय म्हणजे चौरस इंचाला पौंड. ५० पीएसआय असेल तर १०० भागिले ५०, म्हणजे दोन चौरस इंच रबर जमिनीला टेकतं. ३० पीएसआय असेल तर सव्वातीन चौरस इंचाच्या वर. टायरच्या स्वतःच्या ताठरपणामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण गणित हेच. एक रुपया न घालता दीडपट रबर जमिनीला लागलं. शिवाय खडीवर अनवाणी पाऊल कसं दगडाच्या आकाराप्रमाणे वाकतं, तसा मऊ टायर दगडाभोवती वाकून त्याला धरतो. टणक टायर त्याच दगडावरून टुणकन उडतो, आणि हवेत असलेल्या चाकाला पकड कुठून येणार?

आपल्या डोंगरांवरचा मुरूम हा प्रकार मुळातच फसवा आहे. खाली घट्ट थर आणि वर सुटे खडे. नॉब कितीही मोठे असले तरी खालच्या थरात ते घुसत नाहीत, वरच्या खड्यांवर सरकतात. इथे टायरचं पसरणं जास्त कामाला येतं. तेव्हा पहिला प्रयोग हवेचा. तुझ्या वजनाला, आत ट्यूब असताना, पुढे २६ आणि मागे २९ पासून सुरू कर. टायरच्या बाजूवर किमान आणि कमाल आकडे छापलेले असतात, किमान आकड्याच्या खाली जाऊ नको. ओळखीचा एकच चढ आणि एकच वळण पकड. दर फेरीला २ पीएसआय कमी कर आणि कान उघडे ठेव. दगडावर रिम ठक्क वाजली किंवा वळताना टायर खालून लिबलिबीत वाटला की फार खाली गेलीस. तिथून २ वर ये. तो तुझा आकडा, वहीत लिहून ठेव. मैत्रिणीचा आकडा तुला लागू नाही, ती तुझ्यापेक्षा दहा किलोने जड किंवा हलकी असेल.

मात्र हवा मोजायचा गेज बरा हवा. १६० पीएसआयपर्यंतच्या डायलवर २६ आणि ३० मधला फरक काट्याच्या जाडीत बुडून जातो. कमी दाबाचा वेगळा गेज घे, तो टायरपेक्षा खूप स्वस्त पडतो. अंगठ्यावर तर मुळीच जाऊ नको. रुंद टायर त्याच दाबाला अरुंद टायरपेक्षा अंगठ्याला जास्त कडक लागतो, कारण आतल्या हवेमुळे टायरच्या कापडावर येणारा ताण टायरच्या रुंदीप्रमाणे वाढतो. त्यामुळे एमटीबीवाल्याला, म्हणजे डोंगरी सायकलवाल्याला, नेहमी वाटतं हवा भरपूर आहे, आणि ती खरोखरच भरपूर असते.

टणक टायरचं हे वेड कुठून आलं याचा मी आपला एक अंदाज बांधलाय. नाशिकमध्ये सायकल म्हटलं की २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची रेस अक्रॉस अमेरिका ही शर्यत पुरी करणारे महाजन बंधू आठवतात, पंढरपूरची सायकल वारी आठवते. सगळं डांबरावरचं. डांबरावर कडक टायर पळतो, तेच डोक्यात बसलं. डोंगरात उलटं आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅरिन काउंटीत पोरांनी रिपॅकच्या उतारावर शर्यती सुरू केल्या, त्या जुन्या श्विन सायकलींवर, जाडजूड बलून टायर लावून. एमटीबीचा जन्मच रुंद टायरावर झालाय.

आणि हो, चढावर उभी राहून पेडल मारत असशील तर बस. उभं राहिलं की वजन पुढे जातं आणि मागचं चाक मोकळं होतं. सीटच्या पुढच्या टोकावर बसायचं, कोपर खाली, एक गिअर हलका. एवढं सगळं करून, डिसेंबरपर्यंत चाक तरीही सरकत असेल, तर एकच टायर घे, तोही पुढचा. का ते खालच्या उत्तरात आहे.

रोज इंदिरानगर ते अंबड सायकलने कामावर जातो, पूर्ण डांबर. रविवारी मात्र गिरणारे, काश्यपी धरणाकडच्या कच्च्या वाटा. सायकल एकच आहे. कोणता टायर घ्यावा? ब्रँड सांगितलात तर बरं.
— एक वाचक, इंदिरानगर

कोणता टायर, असं विचारू नका. कोणते दोन, असं विचारा. पुढचा आणि मागचा सारखाच पाहिजे असा कुठे नियम नाही.

मागचं चाक सरकलं तर सायकल वाकडी होते, आपण सावरतो, मागून येणारा हसतो. पुढचं सरकलं तर सावरायला वेळच मिळत नाही, थेट खांद्यावर. म्हणून पुढे जास्त पकडीचा टायर: नॉब थोडे उंच, मधे अंतर, आणि कडेचे नॉब दणकट. वळताना सायकल कलते तेव्हा कडेचेच नॉब जमिनीत रुततात. मागे मधली रांग दाट आणि बुटकी असलेला टायर, म्हणजे अंबडला जाताना घरघर कमी आणि पाय कमी दुखतील. टायर हातात घेऊन मधल्या नॉबवर बोट फिरवा. बोट जवळजवळ सपाट फिरलं तर तो मागचा, अडखळलं तर पुढचा.

ब्रँड म्हणाल तर मॅक्सिसचा आर्डेंट पुढे आणि आयकॉन मागे ही जोडी बरेच जण वापरतात. श्वाल्बेचा स्मार्ट सॅम डांबर आणि कच्चा दोन्हीकडे चालवता येतो, तो दोन्ही चाकांना लावला तरी चालेल. पण नावापेक्षा रबर बघा. नवीन सायकलवर कंपनी टिकाऊ, कडक रबर देते. कडक रबर झिजत नाही, तसं धरतही नाही. ओल्या काळ्या पाषाणावर हे चांगलंच कळतं. रबराचा मऊपणा शोअर ए या मापात मोजतात. ६० च्या वर म्हणजे टिकाऊ, ५० च्या आसपास म्हणजे चिकट आणि लवकर संपणारा. पुढे मऊ, मागे टिकाऊ. मागच्या टायरवर ब्रेक, पेडल आणि वजन असा तिहेरी मार असतो, तिथे मऊ रबर अंबडच्या डांबरावर सहज उधळून जाईल.

टीपीआय म्हणजे टायरच्या आतल्या कापडात इंचाला किती धागे. ६० चा कापडपट्टा जाड आणि सोशिक, १२० चा बारीक, लवचीक आणि महाग. तुमच्या रोजच्या वापराला ६० पुरे. आठवड्यातून एकदा रानात जाणाऱ्याला १२० विकणारा दुकानदार तुमच्यापेक्षा स्वतःचं हित बघतोय.

मुलाच्या २६ इंची एमटीबीला नवीन टायर आणला. रिमवर ढिला बसला, आणि हवा भरताच बाहेर निसटला. दुकानदार म्हणतो २६ म्हणजे २६, रिमच खराब आहे.
— एक वाचक, सिन्नर

रिम खराब नाही. तुमच्या पत्रासोबतच्या चिठ्ठीवर टायरचं माप २६ × १ ३/८ लिहिलंय. अपूर्णांकातलं २६ वेगळं आणि दशांशातलं २६, म्हणजे २६ × २.१०, वेगळं. पहिल्याचा बीडचा, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेचा, व्यास ५९० मिलिमीटर, एमटीबीचा ५५९. तब्बल ३१ मिलिमीटरचा फरक, म्हणून ढिला. इंच हे टायरच्या बाहेरच्या व्यासाचं जुनं ढोबळ नाव आहे, त्यावर विसंबू नका. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ५४-५५९ असा आकडा असतो. पहिला टायरची रुंदी, दुसरा बीडचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा जुळला तरच टायर बसतो. २६ इंची एमटीबीला ५५९, २७.५ ला ५८४, २९ ला ६२२. दुधवाल्याच्या जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ हा ६३५. टायर वापरला नसेल तर परत करून बदलून घ्या, आणि दुकानदाराला तो बारीक आकडा दाखवा. तोही शिकेल.

२७.५ × २.१० च्या जागी २.४० चे टायर बसतील का? रुंद म्हणजे जास्त ग्रिप, असं तुम्हीच मागे लिहिलं होतं.
— एक वाचक, ओझर

लिहिलं होतं, पण पुढचं वाक्य बहुतेक राहिलं: रिम आणि सायकल दोघांना झेपेल तेवढाच रुंद. दोन मापं घ्या. टायर काढून रिमच्या आतल्या कडेपासून कडेपर्यंत व्हर्नियरने, म्हणजे बारीक मोजणाऱ्या पट्टीने, मोजा. व्हर्नियर नसेल तर शेजारी कुणी एचएएलच्या विमान कारखान्यात असेलच, ओझरला काय तोटा. आतली रुंदी २१ मिमीच्या आसपास असेल तर २.१ ते २.२५ वरच थांबा. २५ असेल तर २.४ चालेल. अरुंद रिमवर रुंद टायर वर फुगतो आणि वळताना बाजूला लोळतो. म्हणजे पकडीसाठी घेतला आणि वळणावरच फसवलं.

दुसरं माप जागेचं. २.४ इंच म्हणजे ६१ मिमी. मागच्या दांड्यांमध्ये आणि पुढच्या चिमट्यात, टायरचा सर्वात रुंद भाग येतो तिथे, दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी मोकळे राहायला हवेत. म्हणजे ७३. त्याहून कमी असेल तर चाकात जराशी लचक आली की टायर दांडा घासायला लागतो, आणि चिखलात तर विचारूच नका. पुढे जागा असते, मागे बहुधा नसते. तेव्हा पुढे २.४, मागे २.२५. वर सांगितलंच, जोडी सारखी नको.

पंक्चर झालं की मला दुकानातच जावं लागतं. गेल्या वेळी तिथल्या पोराने स्क्रूड्रायव्हरने टायर चढवला आणि घरी येईपर्यंत ट्यूब पुन्हा बसली. माझ्या हातात टायर चढवायची ताकदच नाही. बायकांना जमेल अशी काही पद्धत आहे का?
— एक वाचक, पंचवटी

ताई, ही पद्धत बायकांची-पुरुषांची नाही, खोबणीची आहे. रिम आडवी कापलेली बघितलीत तर मधोमध एक खोल खोबण दिसते. कडेजवळ बीडला घेर पुरत नाही, पण बीड त्या खोबणीत उतरली की काही मिलिमीटर सैल मिळते. टायर चढवायचा म्हणजे ती सैल गोळा करत करत शेवटच्या जागी आणायची, एवढंच. ज्याला हे ठाऊक नाही तो ताकद लावतो, मग स्क्रूड्रायव्हर, मग नवीन ट्यूब.

आधी चाक काढताना: चेन मागच्या सर्वात लहान दातेरी चकतीवर आणा, म्हणजे चाक सुटताना अडत नाही. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकची लिव्हर दाबू नका, पॅड जवळ येतात आणि डिस्क परत आत जात नाही. डिस्कला हात नको, हाताचं तेल ब्रेकची पकड घालवतं. टायर निघाला की त्याच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा असेल तर कापूस अडकतो, बोट रक्ताळत नाही. पाऊस संपला की सराटे वाळतात, मखमलाबादकडच्या पाटाच्या रस्त्याला तर त्यांचा सडाच असतो. काटा तसाच ठेवून नवीन ट्यूब घातली तर ती घरापर्यंतसुद्धा टिकत नाही. रिमवरची पट्टी सरकून आऱ्यांची भोकं उघडी पडली आहेत का तेही बघा.

मग एक बाजू हाताने चढवा, ती सहज चढते. टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हसमोर आणा. शोभेसाठी नाही, पुढे पंक्चर झालं की ट्यूबच्या भोकावरून टायरमधली काट्याची जागा मोजून काढता येते. ट्यूबमध्ये फुंकर मारल्याइतकी हवा भरा, तिला गोल आकार येईल इतकीच, आणि व्हॉल्व्हपासून सुरुवात करून आत सारा.

दुसरी बाजू व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून, म्हणजे चाकाच्या उलट्या टोकाकडून चढवायला घ्या आणि व्हॉल्व्हपाशी संपवा. बहुतेक दुकानांत नेमकं उलट करतात. व्हॉल्व्हजवळ ट्यूबचा जाड भाग असतो, तिथे बीड खोबणीत उतरू शकत नाही. ती जागा आधी भरून टाकली तर सैल अडकून पडते. चाक मांडीवर उभं धरा, दोन्ही तळहातांनी टायर चिमटत, बीड खोबणीत ढकलत वरून खाली या. असं दोन-तीनदा केलं की शेवटी वीतभर जागा उरते. तिथे साबणाच्या पाण्याचं बोट फिरवा आणि तळहाताच्या टाचेने आत लोटा. अगदीच अडलं तर टायर चढवायची प्लॅस्टिकची लिव्हर, एका वेळी दोन बोटं जागा. लोखंड नको.

शेवटी व्हॉल्व्ह आत ढकलून पुन्हा ओढा, म्हणजे खाली अडकलेली ट्यूब सुटते. १५ पीएसआय भरून चाक फिरवा. टायरच्या कडेजवळ एक बारीक उठावाची रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या जागी रेघ बुडाली तर हवा सोडा, तिथे साबणपाणी लावा आणि पुन्हा भरा. टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल आकड्यांपैकी लहान असेल तो ओलांडू नका. बीड जागेवर बसली की तुमच्या नेहमीच्या दाबावर या. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. घरी टीव्हीसमोर, पंक्चर नसताना एकदा करून बघा. पेठ रोडला उन्हात शिकण्यापेक्षा बरं.

आणि फाटलेल्या ट्यूबबद्दल. भोक एकच आणि बाहेरच्या अंगाला असेल तर काटा. जवळजवळ दोन समांतर चिरा असतील तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली, म्हणजे हवा कमी होती. भोक आतल्या अंगाला असेल तर रिमची पट्टी. कडेने लांब फाटली असेल तर तो स्क्रूड्रायव्हरच.

टायरवरचा बाण उलटा लागला तर काय होतं?
— एक वाचक, नाशिकरोड

जीव जात नाही. जमिनीला आधी टेकणारी नॉबची कड उतरती असते, म्हणजे टायर सहज लोळतो. मागाहून टेकणारी कड सरळ, म्हणजे ब्रेकला धरतो. पुढच्या टायरला बाण पाळाच. मागचा काहीजण मुद्दाम उलटा लावतात, म्हणजे सरळ कड चढावर जमिनीला मागे ढकलते. जरा जड पळतो. मागच्या नॉबच्या कडा झिजून गोल झाल्या असतील तर टायर उलटा करून आणखी एक हिवाळा काढता येतो.

ट्यूबलेस करू का? मित्रांनी केलंय, ते १८ पीएसआयवर चालवतात आणि पंक्चरचं नावच नाही म्हणतात. माझी सायकल तीन वर्षं जुनी आहे.
— एक वाचक, कॉलेज रोड

करण्यासारखी गोष्ट आहे, पण आधी रिम आणि टायर दोन्हीवर ट्यूबलेस रेडी लिहिलंय का बघा. मॅव्हिक कंपनीने १९९९ मध्ये सायकलसाठी ट्यूबलेसची पद्धत आणली, ती रिम आणि टायरची कड एकमेकांसाठी घडवूनच. साध्या तारेच्या टायरला टेप आणि सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारा चिकट द्रव, लावून चालवणारे महाभाग मी बघतो. कमी हवेत वळणावर बीड निसटली की सीलंटचा फवारा अंगावर आणि आपण जमिनीवर. रेडी नसेल तर करू नका, विषय संपला.

दोन्ही रेडी असतील तर फायदा खरा आहे. ट्यूब नाही म्हणजे चिमटून फाटायला काही नाही, त्यामुळे हवा आणखी ३-४ पीएसआय उतरवता येते. तुमच्या मित्रांचे १८ मात्र विसरा. ते किती वजनाचे, टायर किती रुंद, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सराट्याचं भोक सीलंट जागेवर बुजवतं. नाशिकभोवती फिरणाऱ्याला हेच एक कारण पुरेसं आहे.

काम कुठे बिघडतं ते सांगतो. टेप. रिम स्पिरिटने पुसून कोरडी करायची, टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिमी जास्त, ताणून, बुडबुडा न ठेवता, शेवट व्हॉल्व्हपासून लांब. टेप गळली की सीलंट आऱ्यांच्या भोकातून ठिबकत बसतं आणि लोक टायरला नावं ठेवतात. बीड बसवायला एकदम जोराची हवा लागते. व्हॉल्व्हमधली सुई काढून कॉम्प्रेसर लावा, फाट फाट असे आवाज येतील, घाबरू नका. मग त्याच व्हॉल्व्हमधून ६० ते ९० मिली सीलंट, सुई परत, हवा, आणि चाक हलवून दोन्ही बाजूंनी बादलीवर थोडा थोडा वेळ आडवं ठेवा. लगेच एक फेरी मारून या.

आता जे कुणी सांगत नाही ते. सीलंट सुकतं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा तर फारच लवकर. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघावं लागतं, कमी झालं तर भर घालावी लागते. सायकल जिन्याखाली ठेवून दिवाळीलाच बाहेर काढणाऱ्याने ट्यूबलेसच्या वाटेला जाऊ नये; आत रबराची साय जमलेली सापडेल. अशांसाठी सोपी गोष्ट आहे: सुई निघणाऱ्या व्हॉल्व्हची ट्यूब घ्या आणि तिच्यातच सीलंट घाला. हवा फार कमी करता येणार नाही, पण सराट्यापासून सुटका होते. आणि ट्यूबलेस केलं तरी एक सुटी ट्यूब बॅगेत हवीच.

पावसाळ्यात काळ्या मातीत चिखल टायरला चिकटून चाक फिरेनासं होतं. खास चिखलाचे टायर मिळतात म्हणे?
— एक वाचक, दिंडोरी

मिळतात. अरुंद, उंच आणि विरळ नॉबचे, चाक फिरताना चिखल झटकून टाकणारे. युरोपातल्या पातळ चिखलाला ते ठीक आहेत. आपली काळी माती झटकली जात नाही. टायर, चिमटा, ब्रेक सगळं एकच गोळा होतं. द्राक्षबागांमधल्या वाटेवर आषाढात सायकल घालायचीच नाही, हा माझा सल्ला. मुरमाच्या वाटा घ्या, तिथलं पाणी तासाभरात निचरतं. आणि ओल्यात अंजनेरीच्या पठारावरही नको. ते संवर्धन राखीव आहे, अंजनेरीच्याच नावाने ओळखली जाणारी कंदीलपुष्पाची दुर्मिळ जात तिथे उगवते. नॉबने उकरलेल्या चाकोरीतून पुढच्या पावसात माती वाहून जाते.

टायर संपला हे कसं ओळखायचं? नॉब अजून बरेच उंच दिसतात.
— एक वाचक, सिडको

उंचीकडे बघू नका, कडांकडे बघा. नवीन नॉबची कड बोटाला टोचते. ती गोल झाली, नॉबच्या बुडाशी भेगा दिसल्या किंवा कडेचे नॉब हाताने सहज वाकायला लागले की त्याची पकड गेली. मागचा आधी संपतो. तेव्हा नवा टायर मागे लावू नका; नवा पुढे, पुढचा जुना मागे. बाजूच्या भिंतीतून धागे दिसायला लागले तर मात्र दोन्हीकडून रजा, कितीही नॉब शिल्लक असोत.

फेकून मात्र देऊ नका. नॉब नसलेल्या पातळ भागातून बोटभर लांबीचा तुकडा कापून, कडा तासून, पंक्चरच्या डबीत ठेवा. दुगारवाडीकडे धारदार दगडाने टायरची बाजू फाटली तर नवीन ट्यूब त्या फटीतून फुगून बाहेर येते. तो तुकडा आतून लावा, हवा थोडी कमी भरा आणि सावकाश त्र्यंबक रोडपर्यंत या. तुकडा नसेल तर बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टण चार पदरी करून लावा, तेही तेवढ्यापुरतं चालतं.